पाळणाघरातील डबा आणि घड्याळ

गेली काही वर्षे मी पुण्यातील कोथरूड, कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता या भागांत घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रियांसाठी अन्नसुरक्षेचे छोटे वर्ग घेत आहे. वर्ग म्हणजे चार रविवारच्या दुपारी, एखाद्या सोसायटीचे सभागृह किंवा त्यांच्यापैकीच एकीची बाहेरची खोली, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा जणी. यांतील बहुतेकींनी मुले मोठी झाल्यावर किंवा पतीच्या निवृत्तीनंतर पाळणाघर सुरू केलेले असते, त्यांच्याकडे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची सहा ते दहा मुले असतात, आणि स्वयंपाकाचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा निश्चितच अधिक असतो. ही शेवटची गोष्ट मी पहिल्या वर्गात विसरले होते.

महाविद्यालयात शिकवताना वापरलेली चित्रेच मी तेव्हा पडद्यावर दाखवली. जिवाणूंची लांबलचक नावे, वाढीचे आलेख, विषबाधेचे प्रकार असे सगळे झाल्यावर साठीच्या घरातील एक काकू शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मी बावीस वर्षे पाळणाघर चालवते आहे. माझ्याकडे जेवून एकही मूल आजारी पडलेले नाही.” बाकीच्या जणींनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर घरी आल्यावर सुचले. दूषित अन्न खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, तो काकूंच्या बाजूने साक्ष देत होता. भातातील एका जिवाणूच्या विषाने उलट्या होतात त्या अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही, मोठ्या पातेल्यात रेंगाळलेल्या आमटी-रश्श्यातील जिवाणूने जुलाब होतात ते साधारण सहा ते चोवीस तासांनी, आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा त्रास सुरू व्हायला बहुधा दोन ते पाच दिवस लागतात. मूल दुपारी एक वाजता पाळणाघरात जेवते आणि संध्याकाळी सहा वाजता आईबरोबर घरी जाते. रात्री त्याला उलट्या झाल्या, तर आई दात येत असल्याला, हवा बदलल्याला किंवा परवाच्या वाढदिवसाच्या केकला दोष देते, आणि दुसऱ्या दिवशी पाळणाघरात “आज येणार नाही, जरा बरे नाही” एवढाच निरोप येतो. घरच्या स्वयंपाकात चूक झाली तर तिचा परिणाम त्याच घरात दिसतो आणि गृहिणी त्यातून शिकते. पाळणाघरात चूक एका घरात होते आणि परिणाम दुसऱ्या घरात दिसतो, त्यामुळे अनुभव कितीही वर्षांचा असला तरी तो या एका बाबतीत काहीच शिकवत नाही. पुढच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा त्याच काकूंनी वही काढली.

लहान मुलांचा धोका मोठा असतो हे मात्र कोणाला पटवून द्यावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगाच्या लोकसंख्येत पाच वर्षांखालील मुले अवघी ९ टक्के असली, तरी अन्नातून होणाऱ्या आजारांच्या एकूण भारापैकी ४० टक्के भार त्यांच्यावर पडतो आणि त्यांतील सुमारे १ लाख २५ हजार मुले दरवर्षी दगावतात. हा आकडा मी एकदाच सांगते आणि पुढे जाते, कारण भीती घातली की ऐकणारी माणसे पनीर बंद करतात, पण हात धुण्याची पद्धत बदलत नाहीत.

आपल्या घरांतील जुन्या शिस्तीचा या कामी मोठा आधार मिळतो, असे मला वर्ग सुरू करण्यापूर्वी वाटत होते, आणि ते अर्धेच खरे ठरले. चपला बाहेर काढणे, बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात न घालणे या सवयी आयत्या मिळतात. परंतु खरकट्याची कल्पना नेमकी उलट्या दिशेने जाते, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. आपल्याकडे शिजलेल्या भाताला हात लागला की हात खरकटा होतो आणि तो धुतल्याशिवाय डब्याला, माठाला किंवा लोणच्याच्या बरणीला लावायचा नाही, असा दंडक आहे. कच्ची कोथिंबीर निवडलेला, माती लागलेला बटाटा सोललेला किंवा अंडे फोडलेला हात मात्र या नियमाने खरकटा होत नाही. जिवाणूंच्या दृष्टीने पाहिले तर नुकतेच शिजलेले अन्न बिचारे निरुपद्रवी असते आणि त्याला जपायचे असते ते कच्च्यापासून. तेव्हा मी आता वर्गात सरळ सांगते की कच्च्याचेही खरकटे माना. अंडे फोडले, कोंबडी धुतली, पालेभाजी निवडली की हात खरकटा झाला. विळी, सुरी आणि भाजी चिरायची फळी यांनाही तोच नियम लावा, आणि कोशिंबिरीची काकडी चिरायला दुसरी सुरी घ्या. “कच्च्याचे खरकटे” हा शब्दप्रयोग त्यांना इतका चटकन पटतो की जंतुसंक्रमण हा शब्द मी कायमचा टाकून दिला आहे.

स्वच्छता या स्त्रियांना येते. त्यांना सवय नसते ती घड्याळाची, कारण घरच्या स्वयंपाकात घड्याळ लागतच नाही. कुकर उतरतो आणि अर्ध्या तासात पाने वाढली जातात. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळू द्यायचे नाही, हा नियम म्हणून सांगितला तर कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे मी सळईचा तापमापक घेऊन जाते आणि पाच लिटरच्या पातेल्यातील वरण वर्गासमोरच ठेवते. वर्ग दोन तासांचा असतो आणि तो संपेपर्यंत झाकलेले वरण हाताला चटका बसेल इतके गरम असते. मग ते पातेले तसेच ज्यांच्या घरी वर्ग आहे त्यांच्याकडे सोडून येते आणि त्या चार तासांनी मोजून गटावर आकडा कळवतात. तो पंचेचाळीस अंशांच्या आगेमागे असतो. मोठ्या पातेल्यातील अन्नात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला ४३ ते ४७ अंश हेच तापमान सर्वांत मानवते, आणि अशा वेळी त्याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. तेच वरण परातीत किंवा दोन बोटे खोलीच्या पसरट भांड्यांत ओतून ते भांडे थंड पाण्यात ठेवले, तर ते कितीतरी आधी फ्रिजमध्ये ठेवण्याजोगे होते. शास्त्राचे सगळे सांगणे त्या एका परातीत येते.

तापमापक नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर यायला हवे, असे मी एकदा बोलून गेले. एकीने घरी करून पाहिले आणि ९८ आले म्हणून तापमापक दुकानात परत करायला निघाली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ च्या आसपासच उकळते, हे सांगायचे राहून गेले होते. चूक माझी होती, पण तिने करून पाहिले याचा आनंद अधिक होता.

फोडणीच्या भाताचा विषय काढला की वर्गात हमखास वाद होतो, कारण तो कोणाच्या तरी आईच्या हातच्या चवीवर घाला असतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते साध्या शिजवण्याने मरत नाहीत, आणि भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात. त्यांनी एकदा उलटीचे विष तयार केले की खमंग फोडणी देऊन, कितीही परतून ते नष्ट होत नाही, आणि त्याला वासही नसतो. म्हणून फोडणीचा भात करावा की नाही, हा प्रश्न फोडणीच्या वेळी विचारण्याला अर्थ नाही, तो आदल्या रात्री विचारायचा असतो. उरलेला भात जेवणे उरकताच पसरून, निववून फ्रिजमध्ये गेला असेल, तर सकाळी वाफ येईपर्यंत परतून घरच्यांनी खुशाल खावा. रात्रभर कढईत झाकून ठेवला असेल, तर नको. पाळणाघरातील मुलांना मात्र मी शिळा भात कोणत्याही स्वरूपात देऊ नये असेच सांगते, आणि या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे डबा. शहरातील पुष्कळ पाळणाघरांत दुपारचे जेवण मुलाच्या घरून येते. आई सकाळी सात वाजता गरम पुलाव किंवा पनीरची भाजी स्टीलच्या डब्यात भरते, झाकण घट्ट लावते, डबा कापडी पिशवीत जातो, साडेआठला पाळणाघरातील खुंटीवर लटकतो आणि एक वाजता उघडतो. सहा तास. काकूंचा स्वतःचा ओटा कितीही लखलखीत असला तरी या सहा तासांवर त्यांचा काहीच ताबा नसतो, आणि मुलाला त्रास झाला तर बोल मात्र त्यांनाच लागतो. वर्गातील सर्वांत लांब चर्चा नेहमी येथेच होते, आणि ती माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी असते.

दहीभाताचेच पाहा. दही असल्यामुळे तो टिकतो, अशी सर्वांची खात्री असते. दह्याचा आंबटपणा हा त्या भाताचा राखणदार असतो हे खरेच आहे. पण मुलाला आंबट लागू नये म्हणून आई त्यात भरपूर दूध घालते आणि दही नावापुरतेच टाकते, म्हणजे राखणदाराला रजा देऊन कुलूप उघडेच ठेवते. हे मी सांगितल्यावर एक तरुण ताई म्हणाल्या, “माझ्याकडच्या तीन मुलांचा उन्हाळ्यातला रोजचा डबा हाच असतो.” आम्ही तेथेच ठरवले की दहीभात हवा असेल तर आईने भात पाठवायचाच नाही, फक्त जेवायला काय हवे ते सांगायचे, आणि भात पाळणाघरातच ताजा लावायचा. आठ मुलांसाठी एक वाटी तांदूळ जास्तीचा लावणे हे कोणालाच जड वाटले नाही, फक्त त्याचे पैसे कसे मागायचे यावर पाऊण तास गेला.

जे डबे येतात त्यांची विभागणी करावी लागते. पोळी आणि कोरडी भाजी, थालीपीठ, गूळ-तूप-पोळी, दशमी यांत ओल कमी असते आणि ती दुपारपर्यंत बाहेर राहिली तरी फारसे बिघडत नाही. भात, खिचडी, उकडलेले अंडे, पनीर, उसळ, बटाट्याचे ओले सारण, दुधाचे काहीही असेल, तर डबा आल्याबरोबर नाव आणि वेळ लिहिलेली पट्टी लावून फ्रिजमध्ये जायला हवा, आणि देताना मध्यापर्यंत वाफाळेल इतका, म्हणजे ७० अंशांच्या वर, गरम व्हायला हवा. कोमट करणे हे गरम करणे नव्हे. डबा कोमट असताना फ्रिजमध्ये ठेवला तर फ्रिज बिघडतो, ही समजूत प्रत्येक वर्गात निघते. पाच लिटरचे उकळते पातेले ठेवू नये हे ठीक, पण मूठभर खिचडीच्या डब्याने कोणताही फ्रिज बिघडत नाही. फ्रिज ठासून भरला तर मात्र थंड हवा फिरत नाही, म्हणून आतही एक छोटा तापमापक ठेवून तो ५ अंशांच्या खाली आहे ना हे रोज सकाळी पाहावे.

हे सगळे आईला सांगायचे कोणी आणि कसे, हा खरा पेच आहे. “काकू, तुम्ही वास घेऊन, चव बघून द्या ना,” असे आई सहज म्हणून जाते. तिला घाई असते, सव्वानऊची कंपनीची बस असते, आणि पहाटे उठून केलेल्या डब्यात कोणी खोट काढली की तिला ती आपल्या आईपणातली खोट वाटते. म्हणून तोंडी सांगू नये असा माझा सल्ला आहे. प्रवेशाच्या वेळी जो कागद देतात, त्यातच कोणते पदार्थ पाठवावेत, कोणते पाळणाघरात ताजे मिळतील, मुलाला शेंगदाणा, अंडे, दूध, गहू यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का, हे सगळे सर्वांसाठी सारखे छापलेले असावे. छापील नियमाचा राग येत नाही, शेजारणीने दिलेल्या सूचनेचा येतो.

हातांविषयी बोलण्यापेक्षा मी हळद वापरते. एकीच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लावायची, ती लंगोट बदलून आली आहे असे समजायचे, आणि तिने नुसत्या पाण्याने हात धुऊन नेहमीची कामे करायची. दहा मिनिटांत नळाची चावी, फ्रिजची मूठ, डब्याचे झाकण, आणि सर्वांत जास्त म्हणजे ओट्यावरचे फडके पिवळे झालेले दिसते. त्या फडक्यानेच मग ताटे पुसली जातात. पुढे फारसे समजवावे लागत नाही. साबण लावून वीस सेकंद चोळायचे म्हणजे मनातल्या मनात बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायचा, मुलांनाही तेवढाच पाढा पाठ होतो. लंगोट बदलण्याची जागा ओट्यापासून आणि जेवणाच्या सतरंजीपासून लांब हवी, हे दोन खोल्यांच्या घरात अवघड असते, पण अशक्य नसते. ताटे पुसण्याचे फडके वेगळे ठेवून रोज उकळत्या पाण्यातून काढणे सगळ्यांनाच जमते.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत मधाचा विषय नाजूक असतो. गुटी मधात उगाळून चाटवायची पद्धत अनेक घरांत आहे आणि आजी तसे सांगून बाळाला सोडून जाते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते निष्प्रभ ठरतात, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात, आणि घरी मध गरम करून हा धोका जात नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, एवढेच सांगावे आणि आजीशी आयुर्वेदावर वाद घालू नये. आईचे काढून ठेवलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चालते, पण एप्रिलमधील पुण्याची दुपार २५ अंशांची नसते, म्हणून ते आल्याबरोबर फ्रिजमध्ये जावे. पावडरचे दूध ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या गरम पाण्यात कालवून, निववून लगेच पाजावे आणि उरलेले टाकावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा, हे तर सर्वांना ठाऊकच असते. फुटाणे, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, द्राक्ष द्यायचे तर उभे चार भाग करून.

पाण्याचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्या भागातील माझ्या वर्गातील जणी त्या महिन्यात पाणी खळखळ उकळून, एक मिनिट तसेच उकळत ठेवून मगच मुलांना देत होत्या. पण त्याच दिवसांत कोशिंबीर मात्र नळाच्या पाण्यात धुतली जात होती आणि पाण्याच्या बाटल्या नळाखालीच विसळल्या जात होत्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असते आणि शुक्रवारी सकाळी नळाला गढूळ पाणी येते, तेव्हाही उकळलेले पाणी पिण्याबरोबर या दोन कामांनाही वापरायला हवे.

कायद्याविषयी विचारणा होतेच. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याने अन्न व्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो अशी व्यापक केली आहे, त्यामुळे शुल्क घेऊन मुलांना शिजवून वाढणारीने नोंदणीची चौकशी जरूर करावी. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे अन्न व्यावसायिकांसाठीचे, २०१७ पासूनचे फोस्टॅक प्रशिक्षणही आहे, परंतु ते मुख्यतः उपाहारगृहे आणि केटरिंग यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असल्यामुळे दोन खोल्यांतील पाळणाघराला त्यातले निम्मे लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

सर्वांत अवघड नियम मी शेवटच्या रविवारी सांगते. जुलाब किंवा उलट्या झालेल्या व्यक्तीने त्रास थांबल्यानंतरही ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, आणि बोटाला पिकलेली जखम असेल तर पट्टी आणि हातमोजा घातल्याशिवाय अन्नाला हात लावू नये. हे ऐकल्यावर खोलीत शांतता पसरते. उपाहारगृहातील आचारी रजा घेतो, पण पाळणाघरातील काकूंनी रजा घेतली तर आठ आयांची कामावरची रजा पडते, आणि दोनदा तसे झाले की मुले दुसरीकडे जातात. एका वर्गात मात्र कर्वेनगरच्या एकाच गल्लीत पाळणाघर चालवणाऱ्या तिघी होत्या, आजवर एकमेकींशी जेमतेम बोलणाऱ्या. त्यांनी त्याच दिवशी ठरवले की एकीचे पोट बिघडले तर मुले तिच्याकडेच, तिच्या सुनेच्या किंवा मदतनीस बाईच्या देखरेखीखाली राहतील, आणि जेवण दुसरीच्या घरून बारा वाजता गरमागरम, उकळत्या पाण्याने आधी तापवून घेतलेल्या मोठ्या थर्मासमधून येईल. गेल्या पावसाळ्यात तशी वेळ तीनदा आली. पहिल्या खेपेला खिचडी ६८ अंशांवर पोहोचली होती, आणि तो आकडा त्यांनी मला छायाचित्रासह पाठवला.